चार बोटांची पोकळी

भिंत तो आधी कानाने बघायचा. नव्या भिंतीसमोर उभा राहून थापी उलटी धरायचा आणि लाकडी मुठीने टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. भरीव आवाज आला की पुढे. कुठे बद्द, पोकळ आवाज आला की थांबायचा आणि ज्याने तो भाग बांधला असेल त्याच्याकडे नुसतं बघायचा. तो गवंडी मग मुकाट्याने विटा काढायला लागायचा.

कामावर सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला दोरीला बांधून जे लोखंडी वजन सोडतात, तो ओळंबा. "ओळंबा आला रे, पोटं आत घ्या," असं परांचीवरून कोणीतरी ओरडायचं. तोही हसायचा. नाव त्याला आवडत होतं. माणसाला आपल्या कामाचं नाव पडावं, याहून जास्त काही त्याने कधी मागितलं नव्हतं.

काम त्याला मामाने शिकवलं. मामाचा हात जड होता आणि शिकवणं थोडं. दोन विटांमधला सांधा मालाने, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूने, पुरता भरला नाही तर मामा ती वीट उचलून फेकायचा, आणि दुसऱ्यांदा तसंच झालं तर वीट जागेवर राहायची, थप्पड पाठीत बसायची. "भिंतीत पोकळ जागा ठेवलीस म्हणजे मालकाच्या घरात चोर ठेवलास," मामा म्हणायचा. हे वाक्य त्याच्या हाडात गेलं होतं. हाडात गेलेलं वाक्य माणूस आठवत नाही, ते त्याच्याआधी उठतं आणि कामाला लागतं.

बायको त्याला कामावरच भेटली. ती सिमेंट चाळायची, घमेली वाहायची. त्या काळात तोंडाला फडकं बांधायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. संध्याकाळी तिच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. "म्हातारी झालीस की," तो चिडवायचा. "तुमच्या आधी झाले, आता तुम्ही मला अहो म्हणा," ती म्हणायची. लग्नानंतर काही वर्षं तिने त्याच्याच हाताखाली काम केलं. मुलगी झाली तेव्हा सोडलं. पण धूळ तोवर आत जाऊन बसली होती.

ती तिघं राहत होती ती भाड्याची खोली रस्त्याच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या खाली होती. मागची भिंत बारमाही घामेजलेली. रंगाला फुगे यायचे, फुगे फुटायचे, त्याखालून पिवळट पीठ गळायचं. तो दर वर्षी ती भिंत खरवडून नवा गिलावा करायचा आणि दर वर्षी भिंत त्याला हरवायची. दुसऱ्यांची घरं कोरडीठाक बांधणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन ओल्या भिंतीला पाठ लावून जेवायचा. बायकोचा खोकला आधी सकाळचा होता. मग तो दिवसाचा झाला. मग तिला आडवं झोपता येईना. ती उशांना टेकून, बसल्या बसल्या डोळे मिटायची.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सरळ सांगितलं. "गेलं ते परत येणार नाही. पण जे उरलंय ते टिकू शकेल. या ओलीतून बाहेर काढा यांना. कोरडी खोली द्या."

औषधाचं नाव कळावं तसं त्याला ते कळलं. कोरडी खोली. हे औषध तर त्याच्या हातात होतं.

गावाच्या टोकाला, माळाच्या कडेला, त्यांची एक जागा होती. बऱ्याच वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेली, तिथे नुसतं गवत वाढत होतं. तिथे वाऱ्याला आडोसा नव्हता आणि पाऊस यायचा तो तिरका, एकाच बाजूने, दगड मारावेत तसा. घराच्या बाहेरच्या भिंती कशाच्या बांधायच्या, यावर घरात बोलणं सुरू झालं.

बायकोचा धाकटा भाऊ सिमेंटच्या ब्लॉकचा ट्रक चालवायचा. तो आला की आपला माल विकायला आल्यासारखा बोलायचा. "दाजी, ब्लॉक घ्या. एक ब्लॉक म्हणजे तुमच्या सात-आठ विटा. भिंत चढताना दिसते नुसती. ताईला पुढच्या महिन्यात आत झोपवा."

"ब्लॉक पाणी पितो," ओळंबा म्हणाला.

"तुमच्या विटा काय उपास करतात?"

बायको हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. भावाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

ओळंब्याच्या मनात दीड विटेची भिंत होती. जाड, भरीव, एकेक सांधा पोटभर माल खाल्लेला. आधी त्याने दगडाचाही विचार केला होता, पण दगड घडवायला वेळ लागतो आणि वेळ हीच गोष्ट तिच्याजवळ किती आहे ते कोणी सांगत नव्हतं. दीड वीट ठरली, असं त्याने मनाशी धरलं आणि नकाशावर सही घ्यायला तो बायकोला बरोबर घेऊन इंजिनीअर बाईंकडे गेला.

इंजिनीअर बाईंची कचेरी म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. गिरणी चालू असली की टेबलावरची पेन्सिल आपोआप सरकायची. बाई त्याला ओळखत होत्या. त्याच्या कामावर त्यांनी डोळे मिटून सह्या केल्या होत्या. पण या वेळी त्यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती जिना चढून आली होती आणि खुर्चीचे हात धरून श्वास गोळा करत होती.

"दीड वीट नको," बाई म्हणाल्या. "त्या माळावर नको. भरीव भिंत कितीही चांगली बांधा, पाऊस रोज मारायला लागला की पाणी हळूहळू आत चालत येतं. आज नाही आलं तर तीन वर्षांनी येईल. दोन भिंती घाला. बाहेरची एक, आतली एक, मध्ये चार बोटं मोकळी."

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे पोकळी. बाहेरची भिंत भिजली तर भिजू दे. पाणी तिच्या आतल्या अंगाने खाली उतरेल, तळाशी काही उभे सांधे रिकामे ठेवायचे, तिथून बाहेर जाईल. आतल्या भिंतीला ते शिवणारच नाही. मध्ये सळईचे वाकवलेले तुकडे टाकायचे, दोघींनी एकमेकींचा हात धरल्यासारखे. जोत्यावर ओल अडवायला जो डांबराचा थर येतो, त्याच्या खाली पोकळी भरा. वर मात्र काही पडू द्यायचं नाही. मालाचा गोळासुद्धा नाही. गोळा अडकला तर तो पूल होतो, आणि पाणी पुलावरून येतं."

ओळंब्याने सरकत आलेली पेन्सिल उचलून परत जागेवर ठेवली. "म्हणजे भिंतीत काहीच नाही," तो म्हणाला.

"हवा आहे."

"हवा म्हणजे काहीच नाही, बाई."

तेव्हा त्याची बायको बोलली. श्वास अजून पुरता आला नव्हता, म्हणून शब्द तुटक आले. "अहो, मला तेच तर कमी पडतंय. घाला की भिंतीत."

बाई हसल्या. तोही हसला, कारण न हसता दुसरं काही करता आलं नसतं. भिंत ठरली.

त्याने ती मन लावून बांधली. न पटलेलं कामही त्याला वाईट करता येत नसे. दोन भिंतींच्या मधल्या फटीत त्याने एक लाकडी पट्टी दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून सोडली होती. वरून माल सांडला तर तो पट्टीवर पडायचा. काही थर चढले की दोऱ्या ओढून पट्टी वर काढायची, खरवडायची, पुन्हा सोडायची. हाताखालचे गवंडी कंटाळायचे. "ओळंब्या, हे भिंत बांधणं आहे की विहिरीतून पाणी काढणं?" दिवसभर तो त्या फटीत वाकून बघायचा. खाली अंधार असायचा, आणि त्या अंधाराला त्याची थापी पोचत नव्हती. तीस वर्षं तो ज्याला भीत आला होता ते तो आता हाताने, ओळंबा लावून, सरळ उभं करत होता.

बायको अधूनमधून मेहुण्याच्या ट्रकमधून यायची. गवतात खुर्ची टाकून बसायची. "माझी खोली कुठली?" एकदा तिने विचारलं. त्याने माळाकडचा कोपरा दाखवला. तिथून खिडकीतून उघडं रान दिसायचं, आणि तिला बंद जागा आता सोसत नव्हती. "इथे पलंग," तो म्हणाला, "भिंतीला लागून."

त्याच संध्याकाळी गडी गेल्यावर तो त्या कोपऱ्यात एकटा राहिला. डांबराच्या थराच्या वर दोन्ही भिंती गुडघ्याएवढ्या आल्या होत्या. त्याने थापी उलटी धरली आणि मूठ आतल्या भिंतीवर आपटली. बद्द. थोडं पुढे जाऊन आपटली. बद्द. हा आवाज येणार हे त्याला माहीत होतं. बाकीच्या घराभर तो ऐकून त्याने सोडून दिला होता. पण इथे तिचं डोकं असणार होतं. ती ज्या भिंतीला टेकून श्वास घेणार, तिच्या पाठीमागे काहीच नसावं, हे त्याच्या हातांना मान्य होईना.

घमेल्यात माल उरला होता. त्याने तो त्या कोपऱ्यात, पलंगाच्या लांबीएवढ्या फटीत ओतला. आणखी कालवला, तोही ओतला. सळईने खोचून खोचून बसवला, कुठे बुडबुडा राहू दिला नाही. गुडघ्याएवढीच तर भर होती. वर फट पुन्हा तशीच मोकळी राहणार होती. बाईंचं सांगणं आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण पाणी पोकळ जागेतून जातं आणि भरलेल्या जागेत अडतं, हे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून जाणत होता. भरल्यावर त्याने पुन्हा मूठ आपटली. भरीव आवाज आला. त्याला बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

पुढे बाई पाहणीला आल्या आणि त्यांनी विचारलं, "पोकळी साफ आहे ना?" तेव्हा तो "आहे" म्हणाला. खोटं बोललो असं त्याला वाटलंही नाही. पोकळी साफ होती. तो कोपरा त्याच्या लेखी पोकळी नव्हताच.

घर झालं. गिलाव्याचा ओला वास गेला, तेव्हा ती राहायला आली. पहिल्या आठवड्यातच एका सकाळी त्याने पाहिलं तर ती आडवी झोपली होती. उशा खाली पडल्या होत्या. तो दारात उभा राहून तिची छाती वरखाली होताना बघत राहिला. लेक मागून आली तर त्याने बोट ओठांवर ठेवलं. तो उन्हाळा त्यांच्या संसारातला सगळ्यात चांगला काळ होता, असं लेक पुढे म्हणायची. आई स्वयंपाकघरात येऊन चुका काढायची. कोणी घर बघायला आलं की बाबा भिंती दाखवायचे, न विचारता.

मग पाऊस सुरू झाला, आणि त्या माळावर पडतो तसा, आडवा पडत राहिला.

डाग आधी लेकीला दिसला. पलंगाच्या मागे, फरशीच्या वर वीतभर, चहा सांडावा तसा. तिने फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता आणि थोडा लांबला होता. "आई, भिंतीला ओल आलीय," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे. मला वास आला चार दिवसांपूर्वी. या वासाबरोबर मी सगळा जन्म काढलाय, मला नाही कळणार?"

"बाबांना सांगते."

"सांगून बघ. आज रात्रीच छिन्नी घेऊन बसतील. अख्खी भिंत फोडतील आणि महिनाभर इथे धूळ उडेल. त्या धुळीत मी कुठे झोपू, तुझ्या डोक्यावर?"

"मग दुसऱ्या खोलीत जा."

"का म्हणून विचारतील ना. काय सांगू? तुमची भिंत गळते?" ती थांबली, श्वास घेतला. "पाऊस संपू दे. मग बघू."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं की पलंगाएवढं लांब लाकडी कपाट तिला हाताशी हवं, पलंग थोडा पुढे ओढा आणि कपाट मागच्या भिंतीला लावा. त्याने आणि मेहुण्याने कपाट सरकवलं. "ताईला आता राजवाडा मांडायचाय," मेहुणा म्हणाला. ओळंबा खुशीत होता. घर लावावंसं वाटणं म्हणजे माणूस बरं होत असल्याची खूण, असं त्याला वाटलं.

पाऊस संपला, थंडी आली, पण कपाटामागची भिंत काही सुकली नाही. उशा पुन्हा पलंगावर चढल्या. ओळंब्याने हवेला दोष दिला, औषधाला दिला, डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनी तोच जुना फोटो पाहिला आणि तेच सांगितलं. घरातली एकच गोष्ट त्याच्या संशयाबाहेर होती. "बरं झालं आपण वेळेवर इथे आलो," तो तिचे पाय चेपताना म्हणायचा. "तिथे असतो तर काय झालं असतं." ती मान हलवायची. लेक उठून बाहेर जायची.

एका दुपारी लेक गरम पाण्याची पिशवी भरून आणेपर्यंत ती गेली. तो कामावर होता. त्याला आणायला मेहुणा ट्रक घेऊन गेला आणि त्याच्याकडे बघून ट्रकचं दार उघडून उभा राहिला.

नंतरच्या दिवसांत माणसं आली आणि गेली. घर मोठं झालं. मग एका सकाळी ओळंब्याने ठरवलं की तिचा पलंग माळ्यावर टाकायचा आणि कपाट लेकीच्या खोलीत न्यायचं.

"राहू द्या ना, बाबा," लेक म्हणाली. "काय घाई आहे?"

"रिकामा पलंग बघवत नाही."

"पलंग काढा. कपाट राहू द्या."

तिने ते फार पटकन म्हटलं. मग त्याने कपाटाला खांदा लावला.

कपाटाची मागची फळी भिंतीला चिकटली होती, ती सुटताना चर्र आवाज झाला. भिंतीवर गिलावा उरला नव्हता. काळी-हिरवी बुरशी विटांवर पसरली होती, फरशीपासून गुडघ्यापर्यंत, पलंगाच्या लांबीएवढी. तिच्या कडा सरळ होत्या. पाणी कधी इतकं सरळ पसरत नाही. मागे कोणीतरी मापून माल भरला असेल तरच पसरतं.

त्याला थापी आणावी लागली नाही. बोट वाकवून त्याने एकदाच ठोकलं. सगळ्या घरात इतका भरीव आवाज दुसऱ्या कुठल्याच भिंतीचा नव्हता.

तो फरशीवर बसला. "तिला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"तुला?"

"हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांना कळलं तर भिंत फोडतील, मग मी धुळीत कुठे झोपू."

त्याने मान हलवली, बरोबर आहे, अशी. तिचं हे बोलणं त्याला हुबेहूब ऐकू आलं असणार. "बाई म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "पूल होतो म्हणाल्या होत्या. मी बांधला. तिच्या उशाशी."

"डॉक्टर म्हणाले ना, बाबा, छाती आधीच गेली होती. भिंत कोरडी असती तरी..."

"तरी किती दिवस?"

याचं उत्तर कोणालाच देता आलं नसतं, आणि त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या न आलेल्या उत्तरात जायचं होतं. एक वर्ष असेल, एक हिवाळा असेल, कदाचित काहीच नसेल. ओळंब्याला माप नसलेल्या गोष्टीची सवय नव्हती.

तो उठला, हातोडा आणि छिन्नी घेऊन आला आणि खालच्या थरापासून आतल्या विटा काढू लागला. भिजून मऊ झालेल्या विटा लवकर निघाल्या. त्यांच्यामागे तो माल दिसला, दगडासारखा, राखाडी, कुठे बुडबुडा नसलेला. त्याचा वरचा पृष्ठभाग त्याने थापीने घोटून गुळगुळीत केला होता. कोणी कधी बघणार नाही अशा जागी केलेलं काम, आणि इतकं नीट. त्याने त्यावरून हात फिरवला. मग छिन्नी लावली आणि पहिला घाव घातला.

धुरळा खोलीभर झाला. लेकीला खोकला आला. एकदाच आला, साधा. त्याचा हात वरच थांबला.

"धूळ गेली घशात," ती म्हणाली.

"माहीत आहे. बाहेर जा."

"मी विटा उचलून देते ना."

"बाहेर जा म्हणतो ना. दार ओढून घे."

ती बाहेर गेली आणि घराला वळसा घालून माळाच्या बाजूला आली. गवत सुकलेलं होतं. बाहेरच्या भिंतीवर ऊन होतं. आत तो घाव घालत होता. तिने तळवा भिंतीवर ठेवला. प्रत्येक घाव भिंतीतून तिच्या हातापर्यंत पोचत होता, मनगटाला कळेल इतका. ती तशीच उभी राहिली. ऊन सरकलं. आतला आवाज चालूच होता, पण दोन भिंतींमधला माल निघत गेला तसा हळूहळू तिच्या हाताला तो लागेनासा झाला. मग नुसताच ऐकू येत राहिला, लांबून, दुसऱ्याच कोणाच्या घरातून आल्यासारखा.